पेडण्याची सकाळची लोकल बसते का? एका वेळापत्रकाचा प्रकरण अभ्यास

वर्गात जलदगती रेल्वेचा धडा चालला होता. जपानच्या तोकाइदो शिनकान्सेनवर, म्हणजे तोक्यो-ओसाका जलदगती मार्गावर, गर्दीच्या तासात एका दिशेने १७ गाड्या सोडायची सोय वेळापत्रकात आहे, असं मी फळ्यावर लिहिलं. तिसऱ्या बाकावरची, उत्तर गोव्यातल्या पेडण्याची मुलगी म्हणाली, "सर, तिथे तासाला सतरा आणि आमच्याकडे सकाळी एक जास्तीची लोकल बसत नाही?"

वर्ग हसला, पण मला उत्तर सुचेना. 'तिथे दुहेरी मार्ग आहे, इथे एकेरी' हे उत्तर खरं असलं तरी आळशी आहे. एकेरी मार्गावरही दिवसाला चाळीस गाड्या जातात, मग एक्केचाळिसावी का नाही? आणि कुठल्या आकड्यावर थांबायचं हे ठरवतं कोण? त्या सत्राचा प्रकल्प मी हाच दिला: पेडण्याहून सकाळी सव्वासातच्या सुमाराला सुटून करमळी, वेर्णा करत नऊच्या आत मडगावला पोचणारी एक लोकल बसवून दाखवा, किंवा बसत नाही हे सिद्ध करा.

मदतीला आमच्याच वाड्यावरचे एक निवृत्त स्टेशन मास्तर आले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे ते नुसतेच मास्तर. त्यांनी पहिल्या दिवशी मुलांना एकच सूचना केली: "पेन नको, पेन्सिल आणा. खोडरबर मोठा आणा."

आणखी एक खुलासा आधीच करतो. पुढचे किलोमीटर, मिनिटं आणि सकाळच्या गाड्यांची संख्या आम्ही गणितासाठी गोल करून धरलेली आहे. कुणी वेळापत्रक हातात घेऊन भांडायला येऊ नये.

जागा

कोकण रेल्वेचा गोव्यातला भाग साधारण १०५ किलोमीटरचा. उत्तरेकडून पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डा, मडगाव आणि पुढे बाळ्ळी, काणकोण. पेडणे ते मडगाव पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. थिवीहून निघालेली गाडी मांडवी आणि दिवाडी बेट ओलांडून करमळीला येते, तिथून जुन्या गोव्याचा बोगदा आणि जुवारीचा सव्वा किलोमीटरहून लांब पूल पार करून वेर्ण्याला. माजोर्डा-मडगाव पट्ट्यात वास्को आणि कुळ्याकडची दक्षिण पश्चिम रेल्वेची वाहतूकही येऊन मिळते.

रोहा ते ठोकूर हा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला. रोहा ते वीर हा ४६.८ किलोमीटरचा तुकडा २०२१मध्ये दुहेरी झाला. बाकी बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. गंमत अशी की हा मार्ग आखला गेला तोच ताशी १६० किलोमीटर वेगासाठी. वळणं मोठ्या त्रिज्येची, चढ सौम्य, फाटकं कमीत कमी. रूळ वेगवान गाडीसाठी तयार आहेत. कमी पडते ती गाड्यांना एकमेकींच्या वाटेतून बाजूला व्हायला लागणारी जागा.

पेन्सिलीने काढलेल्या रेघा

मास्तरांनी आलेखाचा लांबलचक कागद टेबलावर पसरला. आडवी वेळ, दर चौकोन दोन मिनिटांचा. उभी स्टेशनं, अंतराच्या प्रमाणात. पेडण्याहून मडगावला जाणारी गाडी म्हणजे उतरती रेघ, उलट येणारी म्हणजे चढती. जलद गाडीची रेघ उभी, मालगाडीची कलंडलेली. स्टेशनात उभी असलेली गाडी म्हणजे आडवा तुकडा.

एका मुलाने उत्साहाने चार रेघा ओढल्या. मास्तरांनी त्यातल्या दोघींच्या छेदावर बोट ठेवलं. छेद थिवी आणि करमळीच्या मधोमध, म्हणजे जवळपास नदीवरच पडला होता.

"हे काय?"

"क्रॉसिंग, काका."

"क्रॉसिंग स्टेशनच्या रेघेवर असतं. मधे असतो तो अपघात."

मग खोडरबर. रेघ सरकवून छेद करमळीच्या आडव्या ओळीवर आणला तर आधीच्या गाडीचा छेद पेडण्याच्या पुढे निसटला. तो ओढला तर मालगाडी थिवीला पस्तीस मिनिटं अडकली. तास-दीड तास हेच चाललं. एकेरी मार्गावर एक रेघ हलवली की जाळ्यातली सगळी गाठ हलते, हे मी दरवर्षी शिकवतो. मुलांना ते त्या दिवशी कागद फाटेपर्यंत खोडल्यावर कळलं.

क्षमता म्हणजे काय, यावर तिथेच वाद झाला. कुणी म्हणालं गाड्यांची संख्या, कुणी आसनांची. मास्तरांच्या मते क्षमता म्हणजे रिकामी मिनिटं. दोन स्टेशनांमधला पट्टा, म्हणजे ब्लॉक सेक्शन, एका वेळी एकाच गाडीचा. गाडी आत शिरली की पुढच्या स्टेशनात पूर्ण पोचून ब्लॉक मोकळा होईपर्यंत तो पट्टा तिने विकत घेतलेला. पुढच्या मास्तरने लाइन क्लिअर दिल्याशिवाय दुसरी गाडी सुटत नाही. म्हणून मोजायचं ते सगळ्यात लांब पट्टा दिवसाच्या १४४० मिनिटांपैकी किती मिनिटं कुणीतरी धरून ठेवलेला असतो.

स्कॉटचं सूत्र आणि ते काय सांगत नाही

भारतीय रेल्वेत एकेरी मार्गासाठी जुनं, साधं सूत्र वापरतात ते स्कॉटचं. १४४० मिनिटांना भागायचं ते सगळ्यात अडचणीच्या पट्ट्यात सगळ्यात संथ गाडीला लागणारा वेळ अधिक ब्लॉक कामाचा वेळ यांनी, आणि उत्तराला ०.७ने गुणायचं. ब्लॉक कामाला पाच मिनिटं धरायची रीत आहे. ०.७ का, तर दिवसभर रूळ शंभर टक्के कुणी वापरू शकत नाही. देखभाल असते, उशीर असतो.

आम्ही लांब पट्टा १८ किलोमीटरचा धरला. संथ गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली तर १८ मिनिटं, थांबून सुटण्यात आणखी ३. एकूण २१. त्यात ब्लॉकची ५, म्हणजे २६. १४४० भागिले २६ म्हणजे ५५, त्याचे सत्तर टक्के म्हणजे दोन्ही दिशा मिळून दिवसाला ३८ गाड्या.

आता वर्गातल्या बहुतेकांना जे पहिल्यांदा सुचतं ते करून पाहू. गाड्यांचा वेग वाढवा. जलद गाडी ११०ऐवजी १३०ने सोडा. १८ किलोमीटरला ९.८ मिनिटं लागत होती ती ८.३ लागतील. दीड मिनिट वाचलं. आणि सूत्रात? काहीच नाही. सूत्र संथ गाडी मोजतं, ती होती तिथेच आहे. ३८चे ३८.

मग त्याच पट्ट्याच्या मध्यावर एक क्रॉसिंग स्टेशन घातलं. नऊ-नऊ किलोमीटरचे दोन पट्टे. संथ गाडीला ९ अधिक ३, म्हणजे १२ मिनिटं, ब्लॉकसह १७. उत्तर आलं ५९. एकाही गाडीचा वेग न वाढवता ३८वरून ५९. कोकण रेल्वेने गेल्या काही वर्षांत खारेपाटण, आचिर्णे, कडवई, इन्नंजे अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं का उघडली ते या दोन आकड्यांत दिसतं. तिथे कोण उतरणार, असं विचारणाऱ्यांना सांगायला हवं की ती मुख्यतः गाड्यांनी एकमेकींना वाट देण्यासाठी आहेत. माणसं उतरली तर तो फायदाच.

स्कॉटचं सूत्र मला आवडतं, कारण पाकिटाच्या मागे मांडता येतं. पण ते आंधळंही आहे. सगळ्या गाड्या संथच आहेत असं धरून चालतं आणि जलद गाडीमुळे काय होतं ते त्याला दिसत नाही. सकाळच्या दोन तासांचं बोलायचं तर त्याचा उपयोग फारसा नाही.

साइडला टाकलेली गाडी

इथे थोडं थांबून एकच प्रसंग जवळून पाहू. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्या प्रत्येकाने तो भोगलेला आहे: आपली गाडी साइडला टाकली आहे, दारात उभा एकजण बाहेर वाकून म्हणतो, "क्रॉसिंग आसा मरे," आणि बाकीचे जेवणाचे डबे उघडतात.

समजा पुढे संथ गाडी आहे आणि मागून जलद गाडी त्याच दिशेने येते आहे. जलद गाडीला लाल दिवा दाखवायचा नसेल तर ती मागचं स्टेशन सोडायच्या आत संथ गाडी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, पूर्ण शिरलेली हवी. म्हणजे जलद गाडी अजून एक अख्खा पट्टा लांब असताना संथ गाडी उभी राहिली. जलद गाडीने तो पट्टा कापायला सात-आठ मिनिटं. मग ती मुख्य लाइनवरून निघून जाते. या क्षणाला प्रवाशांना वाटतं, आता सुटणार. सुटत नाही, कारण पुढचा पट्टा आता तिने घेतला आहे. ती पुढच्या स्टेशनात पोचायला आणखी सात-आठ मिनिटं. मग ब्लॉक मोकळा, पॉइंट बदलले, सुटायचा सिग्नल, म्हणजे स्टार्टर, हिरवा. वीस मिनिटं गेली, आणि त्यात कुणाची चूक नाही. तेवढ्यात समोरून गाडी येणार असेल तर तिचा पट्टाभर प्रवास आणखी.

जलद गाडी फलाटासमोर जेमतेम दहा-बारा सेकंद दिसली. तिने घेतलेली जागा त्याहून फार मोठी होती, पुढेही आणि मागेही. म्हणून वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकाच रुळावर जितक्या जास्त, तितके मधले मोकळे तुकडे निरुपयोगी. कापड उरतं, पण कशालाच पुरत नाही असे चिंधीएवढे तुकडे.

तरी वंदे भारतला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. २७ जून २०२३ला सुरू झालेली मुंबई-मडगाव गाडी आठ डब्यांची, साधारण ५३० आसनांची होती. मला टोचतं ते हे की आठ डब्यांची असो वा सोळा, ती पट्टा तेवढाच वेळ धरते. वीस मिनिटं लूपमध्ये थांबलेल्या पॅसेंजरने ती वीस मिनिटं ५३० जणांसाठी दिली की हजार जणांसाठी, हाही क्षमतेचाच प्रश्न आहे. तोकाइदोवरच्या सोळा डब्यांच्या गाडीत १,३२३ आसनं असतात. सतराने गुणा: तासाला एका दिशेने साडेबावीस हजारांच्या जवळपास.

तिथे सतरा कशा बसतात

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे. जलदगती मार्गावर गाड्या जास्त बसतात त्या वेगामुळे, असा सार्वत्रिक समज आहे. हिशोब उलटा सांगतो.

ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. ब्रेक सेकंदाला सेकंदाला अर्धा मीटर वेग कमी करतात असं धरलं तर गाडी थांबायला सात किलोमीटर लागतात. २०० किलोमीटर वेगाला तीन किलोमीटर पुरतात. हे अंतर मागच्या गाडीने राखायलाच हवं. ३००च्या वेगाने ते सात किलोमीटर कापायला ८३ सेकंद, २००च्या वेगाने ते तीन किलोमीटर कापायला ५६. म्हणजे वेग वाढला तसं दोन गाड्यांमधलं अंतर तर वाढलंच, मिनिटांतही वाढलं. त्यात गाडीची लांबी, सिग्नल यंत्रणेचा वेळ, स्टेशनाआधी वेग कमी होणं हे सगळं मिळवा. एका मर्यादेपुढे वेग वाढवणं म्हणजे तासाला कमी गाड्या.

पॅरिस-लिओं मार्ग १९८१मध्ये उघडला. अलीकडे तिथे नवी युरोपीय सिग्नल यंत्रणा बसवली ती तासाला १३ गाड्यांऐवजी १६ बसाव्यात म्हणून. गाड्या ३००चा वेग सोडून पुढे गेल्या नाहीत. सगळा खर्च त्यांना एकमेकींच्या थोडं जवळून धावू देण्यासाठी.

तोकाइदोचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे मार्च २०२०च्या वेळापत्रकात तासाला १० नोझोमींच्या, म्हणजे सगळ्यात कमी थांबणाऱ्या जलद गाड्यांच्या, जागी १२ बसल्या. नवा रूळ टाकला नव्हता. झालं हे, की ताशी २७० किलोमीटरच्या मर्यादेची जुनी ७०० मालिका सेवेतून गेली आणि उरलेल्या सगळ्या गाड्या २८५ने, सारख्याच जोराने वेग घेणाऱ्या, सारख्याच लांबीच्या झाल्या. आलेखावर रेघा समांतर झाल्या. समांतर रेघा दाटीने बसतात. तरीही तिथे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी कोदामा आहेच, आणि तिला नोझोमी पुढे जाईपर्यंत बाजूच्या लाइनवर उभं राहावं लागतं. वर्गाला हे ऐकून फार समाधान वाटलं. जपानातही साइडला टाकतात.

आणखी एक जागा शेवटच्या स्टेशनाची. तोक्योत तोकाइदो शिनकान्सेनला सहा फलाट-लाइनी आहेत. गाडीची आतली सफाई साधारण दहा मिनिटांत होते. एका गाडीने येण्या-जाण्यासकट एक लाइन वीस मिनिटं अडवली असं धरलं, तर सहा लाइनींवर तासाला १८ गाड्या. हा आकडा सतराच्या किती जवळ आहे पाहा. रूळ कितीही मोकळे असले तरी टोकाला उतरवायला जागा नसेल तर सगळं तिथेच तुंबतं. आमच्या वंदे भारतच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात पावसाळा सोडून मडगावला १.१०ला पोचणं आणि २.४०ला सुटणं होतं, मधे दीड तास. एका गाडीसाठी हे ठीकच. पण सकाळची लोकल मडगावला येऊन जाणार कुठे, हा प्रश्न मुलांनी आपल्या टिपणात लिहिलेलाच नव्हता. मास्तरांनी लिहायला लावला.

दाबून पाहणे

पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेची, म्हणजे यूआयसीची, क्षमता मोजण्याची एक पद्धत आहे: संहिता ४०६, पहिली आवृत्ती २००४, दुसरी २०१३. कल्पना इतकी साधी आहे की मुलांना ती गोष्टीसारखी आवडली. आलेखावरच्या रेघा, क्रम न बदलता, एकमेकींना जवळजवळ चिकटेपर्यंत डावीकडे सरकवायच्या. सगळ्या गाड्या दाबून बसल्यावर किती मिनिटं व्यापली ते पाहायचं आणि त्याला मूळ कालावधीने भागायचं. मिश्र वाहतुकीच्या मार्गासाठी गर्दीच्या वेळात ७५ टक्क्यांपर्यंत आणि दिवसभराचं म्हणून ६० टक्क्यांपर्यंत चालतं, असा सल्ला आहे. जलदगती मार्गालाही तेच आकडे, उपनगरीला थोडे जास्त. उरलेली मिनिटं वाया गेली असं समजायचं नाही. एक गाडी सात मिनिटं उशिरा आली तर ते सात मिनिट कुठेतरी मुरायला हवेत. मुरायला जागा नसेल तर ते रत्नागिरीपर्यंत जातात.

आम्ही सात ते नऊ ही १२० मिनिटं घेतली आणि तो १८ किलोमीटरचा पट्टा. आमच्या कल्पित सकाळी तिथे चार गाड्या: एक जलद, ब्लॉकसह १५ मिनिटं; दोन लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस, प्रत्येकी १९; एक मालगाडी, २६. बेरीज ७९. म्हणजे ६६ टक्के. बरं चाललं आहे, असं म्हणण्याजोगं.

लोकल घाला, आणखी २६. बेरीज १०५, म्हणजे ८७ टक्के. पेन्सिलीने ती बसतेच. कागदावर पंधरा मिनिटं मोकळीही दिसतात. हीच फसगत. बसते, पण पहिल्या उशिराला सगळी सकाळ कोसळते. रेल्वेच्या खुलाशांत 'मार्ग उपलब्ध नाही' असं वाक्य येतं तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा हा असतो, आणि लोकांना वाटतं की टाळाटाळ चालली आहे.

पट्ट्याच्या मध्यावर क्रॉसिंग स्टेशन असतं तर? जलद १०, एक्स्प्रेस दोन मिळून २४, मालगाडी १७, लोकल १७. बेरीज ६८, म्हणजे ५७ टक्के. लोकलसकट.

मधे नुसता इंटरमीजिएट ब्लॉक सिग्नल, म्हणजे पट्ट्याचे दोन भाग करणारा सिग्नल, घालावा, स्टेशन नको, असंही एकाने सुचवलं. स्वस्त आहे, पण तो एकाच दिशेने पाठोपाठ जाणाऱ्या गाड्यांना उपयोगी. समोरून येणाऱ्या गाडीला त्याने काही मिळत नाही, एकेरीवर तीच तर अडचण. दुहेरी मार्ग हे खरं उत्तर आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण पूल, बोगदे, खाडीकाठच्या खाजन जमिनी. १९९३मध्ये मार्गाच्या आखणीवरून गोव्यात काम थांबलं होतं आणि न्यायमूर्ती ओझांचा आयोग बसला होता, हे आमच्या पिढीला आठवतं. कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेही ताजं आहे. दुहेरी रूळ मागणाऱ्याने कुठल्या शेतातून आणि कुठल्या डोंगरातून ते सांगावं. मी हे वर्गात म्हणालो आणि दोन मुलं माझ्याशी भांडली. भांडू दे.

सगळ्यात कमी खर्चाचा उपाय त्या पेडण्याच्या मुलीनेच काढला. मालगाडी सात ते नऊमधून उचलून रात्री टाकायची, तिच्या जागी लोकल. २६ गेली, २६ आली. परत ६६ टक्के. मास्तर म्हणाले, "बाय, ती मालगाडी नसून रोरो असेल तर? कोलाडहून ट्रक चढवून आणलेत, वेर्ण्याला सकाळी उतरायचे आहेत. तो ट्रकवाला रात्रभर कुठे थांबणार?" १९९९पासून चालणारी ती सेवा रेल्वेचं उत्पन्न आहे आणि तेवढे ट्रक घाटातून कमी आहेत. लोकलच्या तिकिटांतून तेवढं यायचं नाही. मुलगी गप्प बसली, पण तिने मुद्दा सोडला नाही. रोरो दहानंतर उतरवली तर कुणाचं किती नुकसान, हे विचारायला ती पुढच्या आठवड्यात वेर्ण्याला जाऊन आली. ट्रकवाल्यांचं उत्तर एकसारखं नव्हतं. भाजी-मासळीवाले नाही म्हणाले, लोखंडवाल्याला फरक पडत नव्हता.

पाऊस

प्रकल्प इथे संपला असता. पण मास्तरांनी दुसरा कोरा कागद काढला आणि वर लिहिलं, पावसाळी.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. वेग कमी केलेला असतो, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४०ने चालवायची सूचना असते. तीच वंदे भारत, जी एरवी पावणेआठ तासांत येते, तिला पावसाळ्यात दहा तासांच्या आसपास लागतात. का, ते पेडण्याच्या माणसाला सांगायला नको. पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२०मध्ये ढासळली होती, आणि जुलै २०२४मध्ये त्यात पाणी-चिखल येऊन गाड्या दुसऱ्या मार्गाने न्याव्या लागल्या होत्या. तिथली माती मऊ आहे. मार्ग बांधतानाही या बोगद्याने दमवलं होतं.

सगळ्या गाड्या ४०ने चालल्या तर काय होतं? आलेख देखणा होतो. जलद, एक्स्प्रेस, सगळ्यांच्या रेघा समांतर, अगदी तोकाइदोसारख्या. एका मुलाने टाळी वाजवली: सर, भेद संपला, आता जास्त बसतील. मग मोजलं. १८ किलोमीटरला न थांबणाऱ्या गाडीला २७ मिनिटं, ब्लॉकसह ३२. मालगाडी रात्री टाकलेलीच, उरलेल्या तीन गाड्यांची बेरीज ९६, म्हणजे ८० टक्के. लोकल थांबणारी, ३५. एकूण १३१ मिनिटं, आणि सकाळ १२० मिनिटांची. समांतर रेघा दाटीने बसतात हे खरं, पण त्या आखूडही असाव्या लागतात. स्कॉटच्या सूत्रातही तेच: ३८चे २८.

म्हणजे कोरड्या दिवसांत मालगाडी हलवून लोकल बसते आणि पावसाळ्यात त्या वेळेला बसतच नाही. मुलांनी निष्कर्ष तसा लिहिला. सव्वासातची रेघ पावसाळी कागदावरून खोडली, कागदावर तिचा करडा डाग राहिला.

पेडण्याच्या मुलीने तो कागद घरी नेला. सोमवारी परत आणला तेव्हा लोकल ५.५०ला सुटत होती. साडेपाच ते सात या दीड तासात आमच्या कल्पित तक्त्यावर एकच एक्स्प्रेस होती. पावसाच्या वेगाने ३२ अधिक ३५, म्हणजे ६७ मिनिटं. नव्वदातली ७४ टक्के. पंचाहत्तरच्या आत.

मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "पण पावणेसहाला, धो धो पावसात, चढणार कोण?"

"पप्पा. वेर्ण्याची पहिली पाळी सातला लागते, काका. साडेपाचला ते स्कूटर काढतातच."

मास्तरांनी पेन्सिल घेतली, ४०च्या वेगाने वेर्ण्याची वेळ मोजली, आणि गाडी आठ मिनिटं आणखी अलीकडे ओढली.